डबा गाडीत बसून खाता, तिथूनच सुरुवात करू

पत्र: मी मूळची मिरजेची, वय 36. साडेतीन वर्षं झाली, इंग्लंडमधल्या एका लहान शहरात सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डवर नर्स आहे. व्हिसा याच नोकरीवर आहे. भारतात असताना साधं डोकं दुखलेलं आठवत नाही. इथे वर्षभर डोकं जड, ॲसिडिटी, झोप तुटक. गेल्या महिन्यात मैत्रिणीने वॉर्डवर बीपी घेतलं तर 152/96. आई येऊन गेली तेव्हा तिच्या टेल्मिसार्टन 40 च्या गोळ्या राहिल्या होत्या. त्या चार दिवस घेतल्या, मग भीती वाटून बंद केल्या. त्रास म्हणावा तर मोठा काही नाही. एखादा पेशंट म्हणतो, मला इंग्लिश नर्स हवी. माझे उच्चार ऐकून सहकारी एकमेकींकडे बघतात. नाइट मला जास्त लागतात असं वाटतं. डब्याच्या वासावरून एकदा बोलणं झालं, तेव्हापासून मी पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खाते. हँडओव्हरला (पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला देताना) बोलायच्या आधी वाक्य मनात तीनदा म्हणून बघते. आई म्हणते, परक्या देशात गेलीस, गप्प राहा. नवरा म्हणतो, तू फार मनाला लावून घेतेस. मुलगी 7 वर्षांची. ती म्हणते, शाळेच्या गेटवर मराठीत बोलू नकोस. कधी कधी वाटतं, उद्याची सकाळ उजाडूच नये. हे सगळं माझ्या मनाचे खेळ आहेत का? परत यावं का?

ताई,

सकाळ उजाडू नये, हे तुमचं वाक्य आधी घेतो. ते नुसत्या थकव्याचं बोलणं असू शकतं, त्याहून जास्तही असू शकतं. स्वतःला स्पष्ट विचारा: जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, कधी, याचा विचार झालाय का? उत्तर ‘हो’ असेल, किंवा ‘नाही’ म्हणताना अडखळायला होत असेल, तर आजच 111 ला फोन करून 2 चं बटण दाबा. मानसिक संकटासाठीची ही सेवा रात्रंदिवस चालते. सॅमॅरिटन्स या मन ऐकून घेणाऱ्या संस्थेचा 116 123 हा नंबर फुकट आहे आणि तिथे नाव सांगावं लागत नाही. धोका समोर उभा असेल तर 999. तुम्ही नर्स आहात, औषधं तुमच्या हाताशी असतात. म्हणून तुम्ही हे इतरांपेक्षा लवकर कुणाला तरी सांगायला हवं. नवऱ्यालाही याच शब्दांत सांगा, आडून आडून नको.

आता तुमचा प्रश्न. नाही, हे मनाचे खेळ नाहीत.

पेशंट बोलतो ते दोन मिनिटांचं असतं. पण तो बोलेल म्हणून तुम्ही बारा तास तयारीत असता. हँडओव्हरचं वाक्य तीनदा म्हणून बघणं, डबा उघडायच्या आधी आजूबाजूला पाहणं, कुणी हसलं की आपल्यालाच हसलं का हे तपासणं, हे सगळं शरीराच्या लेखी काम आहे. त्यासाठी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल खर्ची पडतात, हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात. एखाद्या वेळी हे व्हायलाच हवं, त्यासाठीच ती यंत्रणा आहे. बिघडतं ते घरी आल्यावरही ती खाली बसत नाही तेव्हा. झोपेत बीपी साधारण 10 ते 20 टक्के उतरतं. मन राखणीला बसलेलं असेल, झोप तुटक असेल, तर ही उतरण नीट होत नाही, आणि नाइट ड्यूटी त्यात भर घालते. या साचत जाणाऱ्या झिजेला मॅकइवेन आणि स्टेलर यांनी 1993 मध्ये ‘ॲलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं. भारतात ठणठणीत होते, इथे येऊन बिघडले, हा अनुभवही एकट्या तुमचा नाही. स्थलांतरित माणूस येताना बहुधा स्थानिकांपेक्षा निरोगी असतो आणि वर्षं सरतात तशी ही आघाडी कमी होत जाते, असं अनेक देशांत दिसलं आहे.

नवऱ्याला पटवायला एक उदाहरण देतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात पोस्टव्हिल नावाचं छोटं गाव आहे. 12 मे 2008 रोजी तिथल्या मांसप्रक्रिया कारखान्यावर इमिग्रेशन खात्याची धाड पडली आणि 389 जणांना अटक झाली. त्यानंतरच्या महिन्यांत सबंध राज्यात लॅटिन अमेरिकी वंशाच्या आयांना कमी वजनाचं बाळ होण्याची जोखीम आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा 24 टक्क्यांनी जास्त निघाली. अमेरिकेतच जन्मलेल्या, म्हणजे कागदपत्रांची काही भीती नसलेल्या आयासुद्धा त्यात होत्या. गोऱ्या आयांमध्ये ही वाढ दिसली नाही. त्या बायकांच्या दारात कुणी आलं नव्हतं. ‘आपल्यासारख्यांना’ धरलं, एवढंच त्यांना कळलं होतं.

आणि आईच्या ‘गप्प राहा’ बद्दल. 1996 मध्ये नॅन्सी क्रीगर आणि स्टीफन सिडनी यांनी अमेरिकेतल्या चार हजारांवर तरुण काळ्या आणि गोऱ्या स्त्रीपुरुषांचं बीपी पाहिलं. कष्टकरी वर्गातले जे काळे लोक अन्याय ‘चालायचंच’ म्हणून सोसतात आणि आपल्याला भेदभाव कधी झालाच नाही असं सांगतात, त्यांचं वरचं बीपी, भेदभाव झाल्याचं सांगून अन्यायाला हटकणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. एका पाहणीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण गिळून टाकलेलं पचतंच असं नाही, एवढं त्यातून नक्की घ्या.

तरीही बीपीचं सगळं खापर वॉर्डवर फोडू नका. तुमच्या आईला बीपी आहे, म्हणजे ते घराण्यातही आहे. नाइट आहेत, लोणचं-पापड असेल, डोकं दुखतं म्हणून गोळ्याही होत असतील. माणसं वागायला सुधारतील तेव्हा बीपी उतरेल अशी वाट पाहत बसू नका. उपचार आत्ताच करायचे आहेत.

आधी नीट मोजा. वॉर्डवर धावपळीत घेतलेल्या एका रीडिंगवर निदान होत नाही. दंडावर बांधायचं स्वयंचलित मशीन घ्या, मनगटाचं नको. दंडाचा घेर टेपने मोजून त्या मापाचा कफ घ्या. कफ लहान पडला तर आकडा खोटा वाढतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको, लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर, गुडघ्यावर गुडघा न ठेवता पाच मिनिटं शांत बसा. बाही वर गोळा करून दंड आवळू नका, उघड्या दंडावर कफ बांधा आणि हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवा. एक मिनिट सोडून दोन रीडिंग घ्या, दिवसातून दोनदा, 7 दिवस (निदान 4 तरी). नाइट असेल तेव्हा ‘सकाळ’ म्हणजे तुम्ही उठता ती वेळ आणि ‘संध्याकाळ’ म्हणजे झोपायच्या आधीची, मग घड्याळात काहीही वाजलेले असोत. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी घेतलेली सरासरी 135/85 किंवा वर आली तर ते उच्च रक्तदाब समजतात. आकडा 180/120 झाला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, नजर अंधुक होणं, बोलणं अडखळणं यांपैकी काही असेल तर थांबू नका, 999.

आईच्या गोळ्या बंद केल्यात ते बरं झालं. टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल या गटातली औषधं गरोदरपणात बाळाला अपाय करतात, आणि तुमचं वय 36 आहे. तुमच्या वयात जीपी (फॅमिली डॉक्टर) पहिल्यांदा याच गटातली गोळी देण्याची शक्यता मोठी, म्हणून दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर तो त्यांना आधी सांगा, ते वेगळी देतील. चार दिवस घेतलेल्या गोळ्यांचंही सांगा, लपवू नका. डोकेदुखीला आयबुप्रोफेन घेत असाल तर ते थांबवा. त्याने बीपीही चढतं आणि ॲसिडिटीही. पाण्यात विरघळणाऱ्या पॅरासिटामॉलमध्ये सोडियम भरपूर असतं, साधी गोळी घ्या. मिश्र हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही बीपी वाढतं, चालू असतील तर तेही सांगा. मीठ दिवसाला सगळं मिळून 6 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, बाहेरचा ब्रेड सगळं धरलेलं आहे.

जीपीकडे वेळ घेताना ‘डबल अपॉइंटमेंट’ मागा, नाहीतर दहा मिनिटांत बीपीचं बोलणं संपतं आणि झोपेचं राहून जातं. सात दिवसांचे आकडे कागदावर लिहून न्या. बीपीच्या नेहमीच्या तपासण्या, म्हणजे किडनी, कोलेस्टेरॉल, लघवीतलं प्रोटीन आणि ईसीजी, त्यांच्यासोबत एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) मागा. एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, मोफत हेल्थ चेकचं बोलावणं चाळिशीनंतर येतं, पण आपल्या लोकांना मधुमेह लवकर गाठतो, म्हणून दक्षिण आशियाई माणसांनी पंचविशीपासूनच जोखीम तपासावी अशी तिथली शिफारस आहे. एचबीए1सी 42 ते 47 (mmol/mol) म्हणजे उंबरठ्यावर, 48 पासून मधुमेह. वजनाचे आकडेही आपल्यासाठी वेगळे आहेत, बीएमआय 25 ला नाही तर 23 ला सावध व्हायचं. सावळ्या कातडीला तिथलं ऊन पुरत नाही, व्हिटॅमिन डी रोज 10 मायक्रोग्रॅम बारा महिने घ्या. शाकाहारी असाल तर बी12 ही तपासायला सांगा.

मनाबद्दल सांगताना आपली भाषा आडवी येते. ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात मन लागत नाही’ याचं इंग्रजी करताना ते ‘थोडं टेन्शन आहे’ इतकं पातळ होतं. म्हणून घटना सांगा: आठवड्यात किती रात्री तीन तासांच्या आत जाग येते, ड्यूटीवर निघताना किती वेळा छातीत धडधडतं, कधी रडू आलं. ते पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली देतील. त्यात गेल्या दोन आठवड्यांचं विचारतात. ‘एवढं तर सगळ्यांनाच होतं’ म्हणून आकडे कमी करू नका. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला, खरं उत्तर द्या. हे बोलायला मराठी दुभाषी हवा असेल तर वेळ घेतानाच मागा, तो मोफत मिळतो, आणि त्या जागी नवऱ्याला बसवू नका. एनएचएस टॉकिंग थेरपीज या समुपदेशन सेवेकडे जायला जीपीची चिठ्ठी लागत नाही, स्वतः नाव नोंदवता येतं. जीपीच्या नोंदी तुमच्या संमतीशिवाय वॉर्डवर जात नाहीत, आणि बीपी किंवा नैराश्याचं औषध चालू आहे म्हणून व्हिसा जात नाही. या भीतीने बायका वर्षानुवर्षं दवाखान्याची पायरी चढत नाहीत, ते वाचून आमचा जीव तुटतो.

नाइटबद्दल तुम्ही ‘असं वाटतं’ लिहिलंय. वाटण्यावर थांबू नका, मोजा. गेल्या 12 आठवड्यांची ऑफ-ड्यूटी, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, काढा, तुमच्याच बँडच्या (पगारश्रेणीच्या) सगळ्यांच्या नाइट आणि शनिवार-रविवार मोजून एका कागदावर लिहा. फरक निघाला नाही तर मनावरचं एक ओझं उतरलं. निघाला तर तुमच्या हातात आकडा आहे, गाऱ्हाणं नाही. शिवाय तिथल्या 1998 च्या कामाच्या वेळांच्या नियमांनुसार रात्रपाळीवाल्याला मोफत आरोग्य तपासणीचा हक्क आहे. रात्रपाळीमुळे तब्येत बिघडली असं डॉक्टरने लिहून दिलं तर शक्य असेल तिथे दिवसपाळी द्यावी लागते. हॉस्पिटलच्या ऑक्युपेशनल हेल्थकडे (कर्मचाऱ्यांच्या आरोग्याच्या विभागाकडे) बीपीचे आकडे घेऊन जा. जीपी फिट नोटवरही (कामासाठीच्या वैद्यकीय दाखल्यावरही) ‘कामाच्या वेळा बदलाव्यात’ असं लिहू शकतात. आमच्या मते तुमच्यासाठी हा सगळ्यात लवकर फळ देणारा रस्ता आहे, कारण यात कुणावर आरोप करावा लागत नाही.

वंशभेदाचे प्रसंग त्याच दिवशी वहीत लिहा: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द जसेच्या तसे, कोण हजर होतं, तुम्ही काय केलंत. वही घरची. वॉर्डच्या कॉम्प्युटरवर नको, आणि पेशंटचं नाव कुठेही नको, नाहीतर गोपनीयतेचा भंग म्हणून तक्रार तुमच्यावरच उलटते. मोबाइलवर चोरून रेकॉर्डिंगही करू नका. पेशंटचं बोलणं मात्र डेटिक्सवर, किंवा तुमच्याकडे जी नोंद प्रणाली असेल तिच्यावर, दर वेळी टाका. पहिल्या नोंदीने काही होणार नाही. सहावी आली की ‘एखाद्या वेळी झालं’ असं म्हणता येत नाही. स्टाफला वंशावरून छळणाऱ्या पेशंटला तातडीचे नसलेले उपचार नाकारण्याची मुभा एनएचएस हॉस्पिटलांना एप्रिल 2020 पासून आहे, हे वॉर्ड मॅनेजरला ठाऊक असायला हवं.

आरसीएन किंवा युनिसन या कर्मचारी संघटनांच्या सभासद नसाल तर आजच व्हा. सभासद होण्याआधीच्या प्रकरणाला संघटना बहुधा हात घालत नाहीत. प्रत्येक एनएचएस ट्रस्टमध्ये फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन (कर्मचाऱ्यांना निर्भयपणे बोलता यावं म्हणून नेमलेला माणूस) असतो, त्याच्याशी आधी खासगीत बोलता येतं. 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये वंश म्हणजे रंग, राष्ट्रीयत्व आणि मूळ हे सगळं येतं, आणि तक्रार केली म्हणून त्रास देणं हेही त्याच कायद्यात वेगळं बेकायदा धरलं जातं. प्रकरण ट्रिब्युनलपर्यंत न्यायचंच झालं तर घटनेपासून तीन महिन्यांना एक दिवस कमी, एवढ्यात एकॅसला (कामावरच्या वादांत समेट घडवणाऱ्या संस्थेला) कळवायला हवं असं धरून चाला. अंतर्गत तक्रार चालू असताना हे घड्याळ थांबत नाही. लोक हॉस्पिटलच्या उत्तराची वाट पाहतात आणि मुदत निघून जाते.

प्रसंगात बोलायला दोनच वाक्यं ठरवून ठेवा आणि घरी आरशासमोर मोठ्याने म्हणा. पेशंटला: ‘आज तुमची नर्स मी आहे. इथे असं बोललेलं चालत नाही, मी वॉर्ड मॅनेजरला बोलावते.’ सहकाऱ्यांना, हसत नाही आणि रागावतही नाही अशा आवाजात: ‘माझं कळलं नाही का? परत सांगते.’ दर वेळी बोलायलाच हवं असं नाही. प्रत्येकाला उत्तर देत बसलात तरी तीच दमछाक. पण वाक्य तयार असलं की आता काय बोलायचं याची रात्रभराची उजळणी थांबते.

आता आपलेपणाचं. तुम्ही औषधापेक्षा त्याला कमी समजू नका. मार्मट आणि साइम यांनी 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या 3,809 जपानी वंशाच्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी आपल्या माणसांची घट्ट वीण टिकवली होती त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जपानइतकं कमी होतं, आणि जे सगळ्यात जास्त पाश्चात्त्य रीतीत गेले होते त्यांच्यात तिपटीहून जास्त. खाणं, सिगारेट, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब करूनही फरक उरला.

पण वीण म्हणजे वर्षातून एकदा गणपतीला गाडी काढून जाणं नव्हे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे आणि इतर शहरांतही मंडळं आहेत, जरूर जा. मात्र शंभर माणसांच्या गर्दीतून घरी परतल्यावर कधी कधी अधिकच एकटं वाटतं, कारण तिथे आपण पाहुणे असतो. उपयोग होतो तो दर आठवड्याला, त्याच सात-आठ चेहऱ्यांत आणि हातात काहीतरी काम असताना. म्हणून मंडळात गेलात तर खुर्चीवर बसू नका, वाढपाला उभ्या राहा. आडनाव विचारून मग किती जवळ करायचं ते ठरवणारी माणसं तिथेही भेटतील. त्यांच्यात रमायची सक्ती नाही, दुसरा गट शोधा. आणि एक जागा तिथल्या लोकांबरोबरची हवी: शनिवारी सकाळी 9 ची पार्करन (5 किलोमीटर, फुकट, चालत गेलात तरी चालतं), लायब्ररीतला विणकामाचा गट, काहीही. जीपीकडे ‘सोशल प्रिस्क्रायबिंग लिंक वर्कर’ मागा, असे गट शोधून देणं हेच त्यांचं काम असतं. सहा-आठ आठवडे गेल्याशिवाय जमलं की नाही हे ठरवू नका. पहिले तीन आठवडे सगळीकडेच अवघडल्यासारखं होतं.

लेकीवर रागावू नका, तीही शाळेत तुमच्यासारखीच राखणीला उभी असावी. गेटवर तिच्या मनासारखं होऊ द्या, घरात मराठी अजिबात सोडू नका. शाळेत नेमकं काय झालं ते झोपताना, दिवा मालवल्यावर विचारा. कुणी काही बोललं असेल तर वर्गशिक्षिकेला लेखी कळवा, तोंडी नको.

परत यायचं का, हे तुटक झोपेवर ठरवू नका. बीपी आटोक्यात आलं आणि महिनाभर दिवसपाळी मिळाली की मग तो विषय नवऱ्यासोबत काढा. मधला रस्ताही आहे: त्याच हॉस्पिटलात, त्याच प्रकारच्या पदावर दुसऱ्या वॉर्डला बदली झाली तर साधारणपणे नवा व्हिसा लागत नाही. एचआरच्या स्पॉन्सरशिप विभागाकडून ते लेखी घ्या. दुसरीकडे जायचं असेल तर नवं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट आणि व्हिसातला बदल हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. स्पॉन्सरशिप संपली की होम ऑफिस बहुधा 60 दिवसांचीच मुदत देतं. सल्लागार इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदवलेला आहे का, किंवा सॉलिसिटर आहे का, ते पैसे देण्याआधी तपासा.

आणि डबा. उद्याच सगळ्यांसमोर उघडा असं आम्ही म्हणणार नाही. तुमच्या वॉर्डवर केरळची, फिलिपिन्सची, नायजेरियाची कुणी ना कुणी असेलच, आणि तीही कुठेतरी कोपऱ्यात खात असेल. तिला विचारा, आज माझ्याबरोबर स्टाफ रूममध्ये बसतेस का. पहिल्या दिवशी मेथीचे ठेपले न्या, ते गार खाता येतात, मायक्रोवेव्ह लावायचा प्रश्न येत नाही. चार जास्तीचे न्या.